दडा

चौथी शिडी संपली तेव्हा ती लोखंडी फळीवर टेकली, नाक चिमटीत धरलं आणि तोंड मिटून आतल्या आत जोरात फुंकर मारली. उजवा कान पट्कन उघडला. डावा उघडला नाही. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं, मग पुढच्या शिडीच्या गजाला हात घातला आणि वर निघाली. अजून सात शिड्या होत्या.

एरवी या अकरा शिड्या ती वीस मिनिटांत, मध्ये कुठेही न टेकता चढायची. बांधकामावर तिला सगळे ‘वरच्या बाई’ म्हणत. पहिल्यांदा हे नाव पडलं तेव्हा त्यात थोडी चेष्टा होती. वर्षभरात ती आपोआप गळून पडली, कारण दोन टनांचं ओझं बशीत कप ठेवावा तसं अलगद टेकवणारं दुसरं कुणी त्या क्रेनवर आलं नव्हतं. बावीस मजल्यांवरची ती काचेची केबिन, दोन दांडे, समोर पसरलेला क्रेनचा लांब आडवा हात आणि त्याला लोंबणारा हूक. इमारती बदलल्या, पण अकरा वर्षं तिचा दिवस अशाच केबिनमध्ये उगवत होता.

सर्दी होऊन तीन दिवस झाले होते. सर्दीला ती आजार म्हणत नसे. तिच्या हिशेबी माणसाच्या तब्येतीचे दोनच प्रकार होते, उभं राहता येतं आणि उभं राहता येत नाही. दुसरा प्रकार तिच्यावर आयुष्यात एकदाच आला होता, अपेंडिक्सच्या वेळी, आणि तेव्हाही टॅक्सी तिनेच खाली उतरून थांबवली होती. दुखणं अंगावर काढायचं, त्याचा बोभाटा करायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. तिचे वडील तर ताप मोजायलाही तयार नसत. मोजला की वाढतो, म्हणायचे.

सासरी आली आणि गाठ पडली ती सासूबाईंशी. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणार, तेव्हा चौदा वर्षांत खरा संसार झाला तो या दोघींचाच. सासूबाईंच्या प्रत्येक दुखण्याला वेगळं नाव होतं. गुडघा ठणकायचा, खांदा भरून यायचा, पोटरीत गोळा यायचा, पाठीत चमक भरायची. डोकं सोमवारी ठसठसायचं तर मंगळवारी भणभणायचं, आणि या दोहोंत काही फरक नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. रोज सकाळी चहाबरोबर या बातम्या प्रसारित व्हायच्या. ती भांडी विसळता विसळता ‘हं’ म्हणायची. ऐकायची कुठे, नुसती कानांवरून जाऊ द्यायची.

आजही बुटाची नाडी बांधताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मान का तिरकी धरलीस?”

“कुठे?”

“कानाला दडा बसलाय तुझ्या. आणि अंगात कसकस आहे, डोळ्यांवरून कळतं.”

“सर्दी आहे, आई. जाईल.”

“जाईल की. जाताना काय घेऊन जाते ते बघ म्हणजे झालं.”

म्हातारीची जीभ, असं मनात म्हणून ती बाहेर पडली होती.

केबिनमध्ये बसल्यावर बरं वाटलं. खुर्ची तिच्या पाठीच्या मापाची झाली होती. तिने दांडे हलवून पाहिले, ब्रेक तपासले, वॉकीटॉकी चालू केला.

“मास्तर, आले.”

“या बाई. आज वेळ लागला.”

“जरा.”

खाली जमिनीवरून तिला खुणा देणारा माणूस साठीचा होता. वॉकीटॉकी येण्याआधी तो तोंडातल्या शिट्टीवर क्रेन चालवून घ्यायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणत. शब्द मोजून वापरायचा. त्याच्या तोंडचं ‘जरा डावं’ म्हणजे वीतभर, आणि ‘थोडं डावं’ म्हणजे हातभर, हे ती आठ वर्षांत शिकली होती. समोरासमोर दोघं फारशी बोललीही नव्हती.

पहिली खेप सळयांच्या मोळीची. नीट गेली. दुसरी खेप फळ्यांची. ती उचलून क्रेनचा हात डावीकडे फिरवताना तिने हुकाबरोबर मान वळवली, आणि एक गंमत झाली. मान वळली, पण समोरचं दृश्य अर्ध्या क्षणानं मागून आलं. शाळेतला आळशी मुलगा रांगेच्या शेवटी यावा तसं. तिला वाटलं काच धुरकटली आहे. तिने फडक्यानं काच पुसली. तिसऱ्या खेपेला पुन्हा तसंच झालं, तेव्हा ती आधी बाटलीतलं पाणी प्यायली आणि मग, काच स्वच्छ असूनही, तिने ती पुन्हा एकदा पुसली.

साडेनऊला खालचा रस्ता बंद झाला. आजचं मोठं काम हेच होतं. इमारत थंड ठेवणारं यंत्र गच्चीवर चढवायचं होतं. वजन पावणेचार टन. ट्रक रस्त्यावर आडवा लावला होता, दोन्ही टोकांना अडथळे लागले होते आणि रस्ता बंद ठेवायची परवानगी फक्त बारापर्यंत होती. वरून तिला ट्रक काडेपेटीएवढा दिसत होता आणि त्याच्याभोवतीची पिवळी शिरस्त्राणं मोहरीएवढी. यंत्र ट्रकवरून उचलायचं, इमारतीच्या कोपऱ्यावरून डावीकडे फिरवायचं आणि गच्चीवरच्या चार खुंट्यांवर बसवायचं. असली कामं तिच्या आवडीची. चार दिवस ती मनातल्या मनात ही फेरी मारत होती.

“बाई, हूक रिकामा एकदा फिरवून बघता का?” मास्तरांचा आवाज आला.

तिने हूक उचलला, कोपऱ्यावरून डावीकडे नेला. मान वळवली. या वेळी दृश्य नुसतं मागे राहिलं नाही. समोरच्या इमारती, टाक्या, तारा, सगळं सावकाश उजवीकडे घसरलं, थांबलं आणि परत जागेवर आलं. तिने दांडा सोडला. हूक हलका झुलत थांबला.

तिला भीती वाटली नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं. पोटात गोळा आला नाही, घाम फुटला नाही, हात तर दगडासारखे स्थिर होते. उभं राहायला सांगितलं असतं तर ती उभी राहिली असती. तिच्या दोन प्रकारांतल्या पहिल्या प्रकारात ती अजूनही व्यवस्थित बसत होती. मग हे काय होतं? ‘बरं वाटत नाही’ असं खाली सांगायचं? बरं वाटत नाही ही शाळेत न जाणाऱ्या पोराची चिठ्ठी झाली. त्यावर पावणेचार टनांचं काम थांबत नाही.

तिने मान सरळ ठेवली आणि अगदी हळू, दोन बोटं डावीकडे वळवली. घसरलं. उजवीकडे वळवली. काही नाही. पुन्हा डावीकडे. घसरलं.

घेरी वेगळी, भोवळ वेगळी, सासूबाई एकदा बरणीचं झाकण लावता लावता म्हणाल्या होत्या. घेरीत आपण पडतो. भोवळीत आपण जागेवरच असतो, जग पडतं. अंधारी आली तर खाली बसावं, दोन मिनिटांत जाते. पण एकाच अंगाला भोवंडत असेल तर दोष डोक्यात नाही, कानात शोधावा. तेव्हा तिने नेहमीसारखं ‘हं’ म्हटलं होतं. ते सगळं कानांवरून गेलं असं इतकी वर्षं तिला वाटत होतं. पण बहुतेक आत कुठेतरी रचून ठेवलं गेलं असावं, कारण आता एकेक शब्द नीट घडी घातलेला हाताशी आला.

घेरी नाही. अंधारी नाही. भोवंडतंय, आणि तेही डाव्या अंगाला.

शब्द सापडला आणि मग बाकीचंही आपापल्या जागी जाऊन बसलं. बुधवारपासूनची कसकस. काल संध्याकाळपासून भरलेला कान. काल जिन्यात तिने कठड्याला हात लावला होता, आणि चौदा वर्षांत त्या कठड्याला तिने कधी हात लावला नव्हता. तीन दिवस अंग साध्या आवाजात सांगत होतं. ओरडलं नाही, म्हणून तिने कानाडोळा केला होता.

“मास्तर.”

“बोला बाई.”

“यंत्र बांधू नका.”

“साखळ्या घातल्यात. दोन मिनिटांत तयार.”

“सोडा त्या. मला भोवंडतंय.”

“कसं?” मास्तरांनी विचारलं. काय म्हणून नाही, कसं म्हणून विचारलं.

“डावीकडे मान वळवली की सगळं उजवीकडे सरकतं. सरळ बघताना काही नाही. डावा कान बंद आहे.”

“हूक?”

“रिकामा. उभा केलाय. ब्रेक लावलेत.”

“बसून राहा.”

मग मध्येच इंजिनिअरचा आवाज आला. तरुण माणूस होता, वाईट नव्हता, पण त्याची नजर घड्याळावर होती.

“मॅडम, बारापर्यंतच रस्ता आहे आपल्याकडे. पाच मिनिटं डोळे मिटून बसा, पाणी प्या. बरं वाटलं की करू.”

“साहेब, पाच मिनिटांनी बरं वाटेलच. आत्ताही वाटतंय. पण उचलल्यावर मला डावीकडे बघावंच लागणार.”

“एकच तर फेरी आहे.”

“एकच पुरते.”

मग मास्तरांचा आवाज, नेहमीइतकाच सपाट. “साहेब, बाई थांब म्हणाल्या. संपलं.”

बांधकामावर हा एकच नियम असा होता की ज्याला वरखाली माहीत नव्हतं. थांब कुणीही म्हणावं, झाडूवाल्यानंसुद्धा, आणि सगळ्यांनी थांबावं. अकरा वर्षांत ती या शब्दावर कितीदा तरी थांबली होती. स्वतः तो उच्चारायची वेळ आज पहिल्यांदा आली.

उतरणं सोपं नव्हतं. उंचावर काम करणारे दोन फिटर कंबरपट्टे घेऊन वर आले. एक तिच्या वर, एक तिच्या खाली, आणि प्रत्येक शिडीला तिचा पट्टा नव्यानं अडकवायचा. तिने मान सरळ ठेवली आणि नाकासमोरच्या गजाकडे बघत एक एक पाय खाली टाकला. अकरा शिड्यांना पन्नास मिनिटं लागली. खालचा फिटर बोलघेवडा होता. तो सगळी वाट आपल्या मेव्हण्याच्या लग्नात बिघडलेल्या जनरेटरची गोष्ट सांगत होता, आणि जमिनीवर पाय टेकले तरी नवरदेव अंधारातच होता.

खाली कुणी तिला शाबासकी दिली नाही, कुणी बोल लावला नाही. बदली ऑपरेटरला फोन गेला होता, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता आणि बाराच्या आत पोचणं शक्य नव्हतं. यंत्र ट्रकवरच राहिलं. अडथळे उचलले गेले, रस्ता वाहू लागला. इंजिनिअर फोनवर कुणाला तरी नवी तारीख मागत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. तिला त्याचा राग आला नाही. जे घडलंच नाही ते त्याला कसं दाखवणार? कदाचित घडलंही नसतं. हे ‘कदाचित’ दोन्ही बाजूंनी सारखंच वजनदार होतं, आणि वजनांचा तिला अंदाज होता.

मास्तर तिला फाटकापर्यंत सोडायला आले. टॅक्सीचं दार धरून उभे राहिले.

“भोवंडणं,” ते म्हणाले. “बऱ्याच वर्षांनी ऐकला हा शब्द. हल्ली सगळ्यांना नुसती चक्कर येते.”

“सासूबाईंचा आहे.”

“नमस्कार सांगा त्यांना,” म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, कानात पाहिलं, मान धरून डावीउजवीकडे फिरवली, डोळ्यांत उजेड टाकला.

“सर्दी आतल्या कानात उतरलीय. सूज आहे. घाबरण्यासारखं नाही, आठवड्याभरात ओसरेल. गोळ्या देते. तोवर शिडी नाही, गाडी नाही.”

“आठवडा?”

“आठ दिवसांनी दाखवायला या. आणि तुम्ही एवढं नेमकं सांगितलंत, माझं अर्धं काम झालं. लोक येतात आणि कसंतरी होतंय म्हणतात. मग मी त्या कसंतरीत शोधत बसते.”

घरी सासूबाईंनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ‘मी म्हटलं नव्हतं’ असं काही म्हणाल्या नाहीत. पलंगावर दोन उशा जास्त ठेवल्या.

पहिले दोन दिवस ती झोपूनच होती. तिसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलाशी येऊन बसली. सासूबाई समोर. घरभाडं वाढवण्याबद्दल मालक काय म्हणाला ते त्या सांगत होत्या. डावा कान अजून भरलेला होता, म्हणून नीट ऐकू यावं यासाठी तिने मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे केला. आणि मग तिच्या लक्षात आलं की सासूबाईही तिच्याकडे बघत नाहीयेत. त्यांनीही मान वळवली होती. दोघी समोरासमोर बसून एकाच खिडकीकडे बघत एकमेकींशी बोलत होत्या.

तिला हसू आलं. मग हसू जागच्या जागी थांबलं.

तिने मान सरळ केली आणि सासूबाईंकडे पाहत राहिली. त्यांना कान बंद होण्यासारखं काही झालेलं नव्हतं. त्या नेहमीच अशा बसत. चौदा वर्षं ती समजत होती की त्यांना खिडकीबाहेर बघायची सवय आहे.

दुपारी सासूबाई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ती त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, “आई, चहा टाकू?”

टॉवेलची घडी झाली. उशीचा अभ्रा हातात आला.

ती पलंगाला वळसा घालून डाव्या अंगाला गेली. आवाज तेवढाच ठेवला. “आई, चहा टाकू?”

“टाक की. विचारतेस काय.”

ती चहा टाकायला गेली नाही. तिथेच पलंगाच्या कडेला टेकली. ओटा या घरात सासूबाईंच्या खुर्चीच्या उजव्या हाताला होता. ओट्याशी उभं राहून तिने आजवर किती गोष्टी सांगितल्या होत्या. आज उशीर होईल. औषध घेतलंत का? यांचा फोन येणार होता, आला का? कधी उत्तर यायचं, कधी नाही. न आलेल्या उत्तरांचा तिने मनातल्या मनात एक ढीग रचला होता. या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, असा तिने सासूबाईंचा स्वभाव ठरवून टाकला होता. सोडायला दुसरा कानच नव्हता.

“उजव्या कानानं ऐकू येत नाही तुम्हाला.”

सासूबाईंनी अभ्र्याची कड कडेला जुळवली. “नाही येत.”

“कधीपासून?”

“गिरणीत होते तेव्हापासून. तुझा नवरा रांगत होता.” त्यांनी अभ्रा बाजूला ठेवला. “सर्दी झाली होती. साधीच. मग कान ठणकला, मग वाहायला लागला. कापूस घालून जायचे. सूत गुंडाळायच्या बारा चात्या माझ्याकडे, मी नाही गेले तर शेजारणीवर पडायच्या. दोन महिने काढलं अंगावर. मग एक दिवस ठणका थांबला. मला वाटलं बरा झाला.”

बाहेर जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि वर गेल्या.

“काट्याचा नायटा,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हापासून ठरवलं, अंग काही म्हणालं की मोठ्यानं सांगून मोकळं व्हायचं. कुणी ऐको न ऐको. आपल्याला तरी ऐकू जातं.”

“पण कानाचं कधी बोलला नाहीत. मला नाही, यांना नाही.”

“तो दुखत नाही ना गं,” सासूबाई म्हणाल्या, जणू यात समजावण्यासारखं काय आहे. “दुखला असता तर सांगितलं नसतं का?”

तिने चहा टाकला. दोन कप घेऊन आली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली.

सहाव्या दिवशी मास्तरांचा फोन आला. यंत्र काल चढलं, बदली ऑपरेटरनं चढवलं, नीट बसलं. ऐकताना तिच्या छातीत बारीक चुरचुरलं. चुरचुरलं, जळलं नाही, हेही तिने पाहून ठेवलं.

“साहेब विचारतायत, उद्यापासून याल का?”

उत्तर देण्याआधी तिने फोन कानाशी धरूनच मान डावीकडे वळवली. खिडकी किंचित मागे राहिली, मग येऊन मिळाली.

“उद्या नाही,” ती म्हणाली. “थोडं राहिलंय अजून.”

“थोडं की जरा?”

“जरा.”

“मग सोमवारी,” मास्तर म्हणाले.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाताना तिने सासूबाईंना बरोबर घेतलं. एकटीनं जायला अजून धीर होत नाही, असं सांगितलं. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, धीराबद्दल त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही, पण ठेवणीतली पिशवी काढली आणि निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तिचा कान पाहिला, मान फिरवली, डोळे मिटून एका रेषेत चालायला लावलं.

“झालं. उद्यापासून शिडी चढायला हरकत नाही.”

“उद्या चार मजले जिना चढून बघते. मग परवा शिडी.”

बाई पहिल्यांदाच हसल्या. “बघा. तुम्हाला जास्त कळतं.”

“आणि यांना बघाल का एकदा?”

“माझं काही नाही,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “मी सोबत आलेय.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. सासूबाई बसल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

“काय होतंय?”

ज्या बाईला पोटरीतल्या गोळ्याचे चार प्रकार ठाऊक होते ती गप्प बसली. सुनेच्या जिभेवर सगळं तयार होतं, गिरणी, कापूस, दोन महिने. तिने जीभ दातांखाली धरली आणि वाट पाहिली.

“होत काही नाही,” सासूबाई अखेर म्हणाल्या. त्यांनी उजव्या कानाच्या पाळीला हात लावला. “इथे काही होतच नाही. चाळीस वर्षं झाली.”

बाईंनी कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग त्या सरळ झाल्या आणि सासूबाईंच्या उजव्या अंगाला उभ्या राहूनच, आवाज खाली आणून सुनेला म्हणाल्या, “पडद्याला भोक आहे. जुनं आहे, पण आता कोरडं आहे. शिवता येतं. आतली नस मात्र जागी असायला हवी. असली तर आवाज याच कानात वाजेल.”

सासूबाई खिडकीकडे बघत बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवरमधून दोन दात्यांचा पोलादी काटा काढला, स्वतःच्या कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा सासूबाईंच्या कपाळावर, अगदी मधोमध, टेकवला.

“ऐकू येतंय?”

“येतंय.”

“कुठल्या बाजूला?”

सासूबाईंनी डोळे मिटले. पिशवीवरचा डावा हात उठला, सवयीनं डाव्या कानाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. भुवया जवळ आल्या. तो हात तसाच अधांतरी राहिला. मग उजवा हात पिशवीवरून सुटला आणि सावकाश, ओळखीच्या घराचं दार चुकलं तर नाही ना असं बघत यावं तसा, वर आला.

“इकडे,” त्या म्हणाल्या.

काट्याची थरथर विरली. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत, उजव्या कानावरचा हातही काढला नाही.

“पुन्हा वाजवा,” त्या म्हणाल्या.